खातं माझं, ब्राउझर बँकेचा

चेक लिहिताना बँक सांगते: शाई गडद हवी, खाडाखोड नको, सही नमुन्याशी जुळायला हवी. पेन कोणत्या कंपनीचं, हे कुठलीही बँक विचारत नाही. नेटबँकिंगच्या पानावर मात्र खातेदाराला दारातच अडवलं जातं: तुमचा ब्राउझर चालणार नाही, क्रोम वापरा. ब्राउझर अद्ययावत आहे का, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या झाल्या आहेत का, याची चौकशी नाही. फक्त नाव बघितलं जातं. सुरक्षेची अट घालायचा बँकेला पूर्ण हक्क आहे. ब्रँडची अट घालायचा नाही. या विषयावर वेळोवेळी वहीत टिपून ठेवलेल्यापैकी काही इथे देतो आहे.

*

ब्राउझरचं नाव बँकेला कळतं कसं? ब्राउझर कोणतंही पान मागतो तेव्हा सोबत स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. तिला यूझर एजंट म्हणतात. विंडोजवरच्या क्रोमची ओळ साधारण अशी असते: मोझिला/५.०, विंडोज एनटी १०.०, ॲपलवेबकिट/५३७.३६, केएचटीएमएल, लाइक गेको, मग क्रोम आणि त्याचा आवृत्ती क्रमांक, आणि शेवटी सफारी/५३७.३६. ब्राउझर एक, आणि ओळीत नावं इतरांचीच जास्त.

याला कारण आहे. नव्वदच्या दशकात नेटस्केपचा ब्राउझर जोरात होता आणि त्याच्या ओळीत ‘मोझिला’ हे नाव असे. साइटवाले ते नाव बघून चांगलं पान देत, बाकीच्यांना साधं. १९९५ साली इंटरनेट एक्सप्लोरर आला तेव्हा चांगलं पान मिळावं म्हणून त्यानेही स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं. पुढे लिनक्सवरच्या केएचटीएमएल इंजिनाने ‘लाइक गेको’ लिहिलं, कारण तोवर साइट गेको इंजिनाचं नाव शोधायला लागल्या होत्या. ॲपलने केएचटीएमएल घेऊन वेबकिट घडवलं आणि सफारी काढला. २००८ साली क्रोम त्याच वेबकिटवर आला आणि त्याने सगळा वारसा उचलला. म्हणजे त्या ओळीतला जवळजवळ प्रत्येक शब्द ही कुठल्या तरी साइटने कुणाला तरी अडवल्याची नोंद आहे. तीस वर्षांचा हा अनुभव समोर असताना बँका आजही तीच ओळ वाचून खातेदाराला आत घ्यायचं की नाही ते ठरवतात.

*

ती ओळ बदलता येते. फायरफॉक्समध्ये छोटं एक्स्टेंशन टाकलं की फायरफॉक्स स्वतःला क्रोम म्हणवून घेतो. असं करून बघितलेल्या अनेकांचा अनुभव एकच आहे: अडवणारं पान गुपचूप उघडतं, लॉगिन होतं, ओटीपी येतो, पैसे जातात, स्टेटमेंट उतरतं. ब्राउझरला काही जमत नव्हतं म्हणून अडवलं होतं, असा दावा मग उरत नाही.

पण हा उपाय मी कुणाला सुचवणार नाही. असं एक्स्टेंशन अनेकदा ‘सर्व साइटवरची माहिती वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी मागतं. बँकेचं पान उघडं असताना अनोळखी माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमला ही परवानगी देणं धोक्याचं आहे. खातेदाराला या धोक्याकडे ढकलते ती बँकेची अट.

*

क्रमांकाची गंमत नव्हे, डोकेदुखी. २००९ साली ओपेरा ब्राउझरची दहावी आवृत्ती आली. आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचणाऱ्या साइटना १० म्हणजे १ वाटला, आणि ‘तुमचा ब्राउझर फार जुना आहे’ म्हणून त्या नव्या ओपेराला परत पाठवायला लागल्या. शेवटी ओपेराने यूझर एजंटमध्ये स्वतःची आवृत्ती ९.८० लिहायला सुरुवात केली. २०२२ साली मार्चमध्ये क्रोम आणि मेमध्ये फायरफॉक्स शंभराव्या आवृत्तीला पोचले, तेव्हा दोघांनाही हीच धास्ती होती. तीन अंकी आकडा बघून साइट कोलमडल्या तर बाहेर ९९ च सांगत राहायचं, अशी पर्यायी तयारी त्यांनी करून ठेवली होती. जगातल्या मोठ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांनी आपला वेळ यात घालवावा, कारण कुणी तरी नाव आणि आकडा बघून दार उघडायचं ठरवलं आहे.

*

नावावर भरवसा ठेवण्यात आणखी एक खोट आहे. एज, ब्रेव्ह, ओपेरा, विवाल्डी या सगळ्यांच्या पोटात क्रोमचंच इंजिन आहे. एजने ते जानेवारी २०२० मध्ये घेतलं. तरीही विवाल्डीला साइट इतक्या ठिकाणी अडवायच्या की डिसेंबर २०१९ मध्ये त्याने बहुतेक साइटना स्वतःचं नाव सांगणंच बंद केलं आणि क्रोम म्हणून वावरायला सुरुवात केली.

उलट बाजूही बघा. आयफोनवरचा क्रोम आतून क्रोम नाही. ॲपलच्या नियमामुळे भारतातल्या आयफोनवर प्रत्येक ब्राउझरला सफारीचंच वेबकिट इंजिन वापरावं लागतं. म्हणजे आयफोनवर ‘क्रोमच वापरा’ म्हणणारी साइट खरं तर सफारीच्या इंजिनावर चालत असते, आणि लॅपटॉपवर विवाल्डीला नाकारणारी साइट क्रोमच्याच इंजिनाला नाकारत असते. नाव एक, इंजिन दुसरं. यात सुरक्षा कुठे आली?

*

आमच्या सोसायटीचे खजिनदार निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज रखडायला लागलं तेव्हा भाच्याने त्यावर लिनक्स टाकून दिलं, सोबत फायरफॉक्स आला. सरांचं काम नीट चालू होतं. सोसायटीच्या खात्याला चेकवर जशा दोन सह्या लागतात तशी नेटबँकिंगलाही दोन माणसं लागतात: खजिनदाराने व्यवहार भरायचा, सेक्रेटरींनी तो आपल्या लॉगिनमधून तपासून मंजूर करायचा. वॉचमनचा पगार, सफाई, लिफ्टच्या देखभालीचं बिल, सगळं असंच जायचं. मग बँकेने पान नव्याने केलं आणि फायरफॉक्स बंद झाला. सरांनी हेल्पलाइनला फोन लावला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

“सर, क्रोममधून ट्राय करा ना.”

“माझा फायरफॉक्स अपडेटेड आहे. गेल्या महिन्यापर्यंत यातूनच चालत होतं.”

“सर, सिस्टिममध्ये तेवढंच दाखवतंय. ओन्ली क्रोम.”

“पण का? कारण सांगाल का?”

“सिक्युरिटीसाठी सर.”

“फायरफॉक्समध्ये कोणती सिक्युरिटी कमी पडते?”

“सर, मी तुमची कंप्लेंट रेज करतो. अजून काही मदत करू शकतो का?”

फोनवरच्या मुलाचा यात दोष नाही. त्याच्यासमोर जे लिहून ठेवलंय तेवढंच तो वाचणार. दोष आहे तो परिणामाचा विचार न करता अट घालणाऱ्यांचा. पगाराची तारीख उलटायला नको म्हणून सर आता सेक्रेटरींच्या घरी जाऊन त्यांच्याच लॅपटॉपवरून व्यवहार भरतात, आणि सेक्रेटरी त्याच लॅपटॉपवरून मंजूर करतात. दोन माणसं, दोन कॉम्प्युटर, म्हणून एकाच्या मशीनमध्ये काही शिरलं तरी दुसरीकडे अडेल, हा त्या दुहेरी व्यवस्थेचा एक मोठा फायदा होता. दोघांचे पासवर्ड आता एकाच कीबोर्डवर पडतात. सुरक्षेसाठी घातलेल्या अटीने सोसायटीची होती ती सुरक्षाही कमी केली.

*

एका ब्राउझरला देश बांधला गेला तर काय होतं, हे बघायचं असेल तर दक्षिण कोरियाकडे बघावं.

नव्वदच्या दशकात अमेरिकेने भक्कम एन्क्रिप्शनच्या निर्यातीवर बंधनं घातली होती. परदेशात मिळणाऱ्या ब्राउझरमध्ये ४० बिटांची कमजोर किल्ली असे. इंटरनेटवर बँकिंग सुरू करू पाहणाऱ्या कोरियाला ते पुरेसं वाटलं नाही, आणि ते रास्तच होतं. तिथल्या माहिती सुरक्षा संस्थेने ‘सीड’ नावाचं १२८ बिटांचं स्वतःचं एन्क्रिप्शन तयार केलं. १९९९ साली डिजिटल सहीचा कायदा झाला, अधिकृत प्रमाणपत्रं आली. पण सीड कुठल्याच ब्राउझरमध्ये अंगभूत नव्हतं. मग ते मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स तंत्रातून ब्राउझरला जोडलं गेलं, आणि ॲक्टिव्हएक्स चालायचं फक्त विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये.

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने बंधनं सैल केली. भक्कम एन्क्रिप्शन सगळ्याच ब्राउझरमध्ये आलं. मूळ अडचण संपली, पण नियम राहिले. त्यांच्याभोवती उद्योग उभे राहिले होते, बँकांची यंत्रणा त्यावर रचली गेली होती. पुढची जवळजवळ वीस वर्षं मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्या कोरियन माणसाला बँकेच्या कामासाठी कुठून तरी विंडोज मिळवावं लागे. प्रत्येक बँकेची, प्रत्येक सरकारी साइटची वेगळी प्रोग्रॅमची रांग. ‘इन्स्टॉल करू का?’ असं विचारलं की डोळे मिटून ‘हो’ दाबायची सवय सगळ्या देशाला लागली. व्हायरस पसरवणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार?

कोरिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक किम की-चांग यांनी ‘ओपन वेब’ नावाची चळवळ उभारली. अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेने बाकीच्या ब्राउझरनाही सोय द्यावी म्हणून ते कोर्टात गेले आणि हरले. कोर्टाने जे केलं नाही ते एका टीव्ही मालिकेने करायला लावलं. २०१४ साली ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ ही कोरियन मालिका चीनमध्ये खूप गाजली. नायिकेने घातलेला कोट विकत घ्यायला चिनी प्रेक्षक कोरियन साइटवर आले आणि प्रमाणपत्राच्या अटीपाशी अडकले. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी नियम शिथिल करण्याविषयीच्या बैठकीत हाच दाखला दिला. खरेदीवरची सक्ती त्या वर्षी उठली. अधिकृत प्रमाणपत्रांचं खास कायदेशीर स्थान संपायला मात्र १० डिसेंबर २०२० उजाडला.

कोरियाने सुरुवातीला जे केलं त्यामागे खरी गरज होती. आपल्या बँकांसमोर तर तसली अडचणही नाही.

*

एकाच ब्राउझरची सक्ती धोक्याची का, याचा एक दाखला. जानेवारी २०१० मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एक गंभीर भोक सापडलं आणि त्यातून हल्ले झाले. दुरुस्ती येईपर्यंत हा ब्राउझर वापरू नका, दुसरा वापरा, असा सल्ला जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा संस्थांनी आपल्या नागरिकांना दिला. हा सल्ला पाळायचा तर दुसरा ब्राउझर चालला पाहिजे. आज क्रोममध्ये असं भोक निघालं, आणि अशी भोकं प्रत्येक ब्राउझरमध्ये निघतातच, तर ‘फक्त क्रोम’ म्हणणाऱ्या बँकेचा खातेदार त्या दिवसांत काय करील? पर्याय असणं हा सुरक्षेचाच भाग आहे.

*

आपल्याकडेही एकाच ब्राउझरच्या सक्तीचे दिवस येऊन गेले. सीएच्या ऑफिसात किंवा टेंडर भरणाऱ्या कंत्राटदाराकडे कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर असायचा. त्याला हात लावायचा नाही, अपडेट करायचा नाही. डिजिटल सहीचं टोकन त्याच्यावरच चालायचं. इंटरनेट एक्सप्लोरर अमुकच आवृत्तीचा, जावा तमुकच आवृत्तीचं. साइटचं नाव जावाच्या अपवादांच्या यादीत टाका, सुरक्षेची पट्टी खाली ओढा, पॉप-अप मोकळे करा, अशा सूचनांचा कागद शेजारच्या भिंतीवर चिकटवलेला.

क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावा ॲपलेट चालवणारं जुनं तंत्र काढून टाकलं, कारण ते घुसखोरांचं आवडतं दार झालं होतं. तेव्हा अनेक साइटनी आपलं काम बदलण्याऐवजी खातेदाराला इंटरनेट एक्सप्लोररला धरून राहायला सांगितलं. मायक्रोसॉफ्टने स्वतः २०११ साली एक्सप्लोरर ६ सोडा म्हणून मोहीम चालवली होती. १५ जून २०२२ रोजी एक्सप्लोरर ११ चाही आधार काढून घेतला. ज्यांनी आपली सेवा एका ब्राउझरवर बांधली होती त्यांना सगळं पुन्हा करावं लागलं. तो खर्च शेवटी तुमच्या-माझ्याच खिशातून गेला.

आता तेच लोक एक्सप्लोररच्या जागी क्रोम लिहून मोकळे झाले आहेत.

*

मराठी वाचकाला हे दुखणं जुनं आहे. दोन हजारच्या सुमारास मराठी वृत्तपत्रांच्या साइटवर प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, त्याची अक्षरजुळणी वेगळी. पानासोबत आपोआप उतरणारा डायनॅमिक फॉन्ट बहुतेक ठिकाणी एक्सप्लोररमध्येच नीट दिसायचा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. फायरफॉक्सवाल्यांसाठी ‘पद्मा’ नावाचं एक्स्टेंशन निघालं होतं, ते असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. हळूहळू सगळे युनिकोडवर आले आणि प्रश्न संपला. आज परभणीतला वाचक आणि शिकागोतला मराठी माणूस, कुठल्याही ब्राउझरमध्ये, कुठल्याही फोनवर तीच बातमी वाचतात. खुलं मानक पाळलं की काय होतं याचं हे आपल्या घरचं उदाहरण. वृत्तपत्रांना जे जमलं ते बँकांना जमणार नाही, असं म्हणायला जागा नाही.

*

बँकांची बाजूही लिहून ठेवली पाहिजे. फार जुना ब्राउझर अडवणं योग्यच आहे. ज्याला जोडणी सुरक्षित ठेवणारं टीएलएस १.२ हे मानक येत नाही त्याला आत घेऊ नये, टीएलएस १.० आणि १.१ ही जुनी मानकं मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाली आहेत. ज्याला वर्षानुवर्षं दुरुस्ती मिळालेली नाही त्यालाही अडवावं. या अटी नावाच्या नाहीत, पात्रतेच्या आहेत, आणि सर्व्हर त्या स्वतः तपासू शकतो. जोडणी होतानाच टीएलएसची आवृत्ती कळते, आणि पानाला लागणाऱ्या सोयी ब्राउझरमध्ये आहेत की नाहीत हे पान स्वतः विचारून घेऊ शकतं.

*

आपल्याकडे सुरक्षेची खरी कामं झाली आहेत, त्यांचं कौतुक आहे. ऑनलाइन कार्ड व्यवहारांना २००९ पासून दुसरी खातरजमा लागते. अनधिकृत व्यवहारात खातेदाराची जबाबदारी किती, याचं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक ६ जुलै २०१७ चं आहे. खातेदाराची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार त्यात बँकेवर टाकला आहे. खोट्या साइट ओळखू याव्यात म्हणून बँकांनी ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत यावं, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. यातल्या एकाही उपायात खातेदाराच्या ब्राउझरचं नाव विचारलेलं नाही.

*

बँकेची हुबेहूब नक्कल करून पासवर्ड उकळणारी खोटी साइट क्रोममध्ये उघडते, फायरफॉक्समध्ये उघडते, जुन्यात जुन्या फोनवरही उघडते. ठगाला प्रत्येक गिऱ्हाईक हवं असतं. ज्या माणसाला खऱ्या साइटने अडवलं, तो वैतागून शोधयंत्रात बँकेचं नाव टाकतो आणि जी पहिली साइट दिसेल तिच्यावर क्लिक करतो. ती खोटीही असू शकते. दार बंद करताना बँकांनी एवढा विचार करावा.

*

याच घराण्यातले आणखी काही हट्ट. पासवर्ड पेस्ट करू द्यायचा नाही. राइट क्लिक बंद. माउसने टिपायचा, दर वेळी अक्षरं उलटसुलट करणारा पडद्यावरचा कीबोर्ड. पेस्ट बंद केली की माणूस लांब, अवघड पासवर्ड ठेवतच नाही, कारण तो हाताने टाइप करायचा जीव कुणाला? पासवर्ड मॅनेजर निरुपयोगी होतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ साली लोकांना पासवर्ड पेस्ट करू द्या असं स्पष्ट सांगितलं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तेच आहे.

अंध खातेदाराचं काय होत असेल? तो स्क्रीन रीडरवर काम करतो. एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केलेल्या कामातून आला आणि जगभर वापरला जातो. कुणाचा हात एका ब्राउझरवर बसलेला असतो, शॉर्टकट पाठ झालेले असतात. ब्राउझर बदला म्हणणं म्हणजे त्याला पुन्हा पहिल्यापासून शिका म्हणणं. अक्षरं हलवणारा कीबोर्ड तर त्याच्यासाठी बंद दारच. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या खटल्यात सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हा निकाल बँकेचं पान बनवणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवा.

*

२० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांवर गूगलची ॲप, त्यात क्रोमही, आधीच बसवून देण्याची जी सक्ती होती तिचा त्या आदेशात विचार झाला. एकीकडे देशाचा आयोग म्हणतो की एका कंपनीचा ब्राउझर लोकांवर लादू नका. दुसरीकडे बँका, त्यात सरकारी मालकीच्याही आल्या, फुकट लादून देतात.

*

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. झोहो पहिली आली, बक्षीस एक कोटी रुपये. झोहोच्या ब्राउझरचं नाव ‘उला’. चांगली गोष्ट आहे. पण ज्या देशात बँकेचं पान नाव बघून दार उघडतं, तिथे नवा ब्राउझर रुजणार कसा? वापरणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात वीजबिल, फी, पैसे पाठवणं यासाठी क्रोमकडे परतावं लागलं तर तो नवा ब्राउझर ठेवील कशाला? स्वदेशी ब्राउझरला बक्षिसापेक्षा जास्त गरज आहे ती यादी नसलेल्या दाराची.

*

‘वेबसाइट कशाला, ॲप वापरा,’ हे उत्तर हल्ली लगेच मिळतं. ॲपमध्ये सक्ती आणखी घट्ट आहे. फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन चालू असला तरी काही ॲप उघडत नाहीत. कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी दुसरं, कधी कधी अधिक सुरक्षित अँड्रॉइड टाकलं की काही ॲप फोनच नाकारतात. गूगलने २०२३ साली वेबसाठीही अशीच कल्पना मांडली होती: वापरणाऱ्याची यंत्रणा ‘विश्वासार्ह’ आहे असं प्रमाणपत्र साइटला मिळावं. जगभरातून विरोध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मागे घेतली गेली. लोक बोलले म्हणून ती थांबली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

*

बँकांनी काय करावं? काम अवघड नाही. ब्राउझरची मुख्य इंजिनं आज तीनच उरली आहेत: क्रोम आणि त्याच्या भावंडांचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट, फायरफॉक्सचं गेको. पान या तिघांवर तपासावं. नाव बघून अडवणं बंद करावं. लागणारी सोय ब्राउझरमध्ये आहे का ते तपासावं. न तपासलेला ब्राउझर आला तर वर एक सूचना दाखवावी, ‘यावर आम्ही चाचणी केलेली नाही’, आणि खातेदाराला पुढे जाऊ द्यावं. ज्या कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं तिच्या करारात ही अट लिहावी. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दर वर्षी एकत्र बसून आपापल्या ब्राउझरमधले फरक मिटवतात. स्पर्धकांना जे जमतं ते एकट्या बँकेला का जमू नये?

*

आणि आपण काय करावं? ब्राउझर बदलून गप्प बसू नये. अडवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. ब्राउझरचं नाव, आवृत्ती, तारीख, कोणतं काम अडलं, हे चार ओळींत लिहून बँकेच्या तक्रार विभागाला पाठवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. कोणत्या सुरक्षेच्या कारणासाठी अडवलं, हे लेखी विचारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. सोसायटीचे, संस्थेचे, मंडळाचे खजिनदार असाल तर संस्थेच्या लेटरहेडवर लिहा. संस्थेचं खातं गमवायला कुठलीही शाखा तयार नसते. एका पत्राने काही हलणार नाही. शंभर पत्रं गेली की बँकेच्या बैठकीत हा विषय निघेल, आणि एकदा निघाला की ‘फक्त क्रोम’ या अटीचं समर्थन करणं तिथे कुणालाही जड जाईल. तेव्हा पत्र लिहा.